लोंबती तार

थेरगाव, ६ फेब्रुवारी २०२५

मोजणाऱ्या भावांनो आणि बहिणींनो,

भोसरीपासून चाकणपर्यंत या पट्ट्यात जे काही बनतं, ते बाहेर पडण्याआधी तुमच्या हाताखालून जातं. गेज तुम्ही लावता, काटा तुम्ही वाचता, आकडा तुम्ही लिहिता. आकडा चांगला आला की खाली सही साहेबाची. आकडा बिघडला की पहिला प्रश्न, जोडणी कुणी केली होती? यश आलं की हुद्दा पुढे, चूक झाली की हात पुढे! हा न्याय कुठल्या पुस्तकात लिहिलाय?

चि. मैत्री, सप्रेम जय भीम.

दचकलीस ना? ही भाषणाची सुरुवात आहे. एक मेला आपल्या समाजमंदिरात तपासणी आणि टेस्टिंग खात्यांतल्या कामगारांचा मेळावा घेतोय. भाषण माझं, पण वाचणार दुसरंच कुणी, कारण तुझ्या काकाच्या गळ्यातली गाठ काढली आणि तीन महिने एक शब्दही उच्चारायचा नाही असा डॉक्टरांचा हुकूम झाला. चाळीस वर्षं ज्यानं कंपन्यांच्या गेटवर माइकशिवाय सभा घेतल्या, तो आता दूधवाल्याला पाटीवर लिहून दाखवतो, ‘अर्धा लिटर’. तुझी काकू म्हणते, “लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच माझं वाक्य पुरं होतंय.”

मोबाइलवर लिहा असं सगळे सांगतात. काचेवर बोट घासून राग उमटत नाही, म्हणून पत्र. तुझ्या राजगुरुनगरच्या खोलीवर टपाल येतं असं तुझ्या आईनं सांगितलं.

भाषणात मला एक जिवंत उदाहरण हवंय. मी तीस वर्षं कॉम्प्रेसर तपासले, ते आता जुनं झालं. तू नव्या काळातलं मोजतेस. तुझी आई सांगते, तू चाकणच्या प्रयोगशाळेत चांदीच्या पट्ट्या धुराच्या हंड्यात बुडवत असतेस. नेमकं काय मोजतेस? कुणाबरोबर? साध्या भाषेत लिही. मोठे शब्द माझ्याकडे भरपूर आहेत, ते मी घालीन.

तुझा,
धम्मरत्नकाका


राजगुरुनगर, १६ फेब्रुवारी २०२५

ती. काकांस, सविनय जय भीम.

काकूंना सांगा, तीन महिने त्यांनी पुरेपूर वापरून घ्यावेत.

साध्या भाषेत लिहिते. तांब्याची तार वीज नेताना तापते. म्हणजे थोडी वीज वाटेतच उष्णता होऊन जाते. आमच्या पट्टीला अतिवाहक म्हणतात, तिच्यात विजेला अडथळा नाही. मात्र त्यासाठी तिला द्रवरूप नायट्रोजनमध्ये, शून्याखाली एकशे शहाण्णव अंशांवर बुडवावं लागतं. आई सांगते तो धूर म्हणजे त्या थंडीनं गोठलेली हवेतली वाफ. आणि या पट्टीला ‘उच्च तापमानाची’ म्हणतात, कारण आधीच्या अतिवाहकांना याहून कितीतरी जास्त थंडी लागायची. हसू नका.

एकाच दिशेनं वीज वाहिली तर या पट्टीत काहीच वाया जात नाही. पण आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते. तिच्याबरोबर चुंबकीय क्षेत्र पट्टीत शिरतं, बाहेर पडतं, उलटं होऊन पुन्हा शिरतं. या ये-जा करण्यात थोडी ऊर्जा जातेच. ती किती जाते, एवढंच मी मोजते. थोडीशी तर आहे, असं म्हणू नका. आत एक वॅट उष्णता झाली तर ती उपसून बाहेर टाकायला बाहेरचं यंत्र पंधरा-वीस वॅट खातं. केबल बनवणारे लोक आमच्या आकड्यावरून ठरवतात की थंड ठेवायचं यंत्र केवढं घ्यायचं. यंत्र लहान पडलं तर पट्टी तापणार, आणि तापली की तिचा गुणच संपला.

मोजायची रीत अशी. पट्टी चार मिलिमीटर रुंद, रिबिनीसारखी. तिच्यावर दोन ठिकाणी केसासारख्या बारीक तारा डाखायच्या, म्हणजे सोल्डर करायच्या, पट्टीतून वीज सोडायची आणि त्या दोन तारांमध्ये एका व्होल्टचे किती लाखांश येतात ते पाहायचं. हे डाखकाम खंडूभाऊंचं. खंडूभाऊ जिंतूरकडचे, पंचेचाळिशीचे, आळंदीत आईबरोबर भाड्याच्या खोलीत राहतात. आमच्याकडे ठेकेदारामार्फत आहेत. त्याआधी अकरा वर्षं ते गाड्यांचं वायरिंग बांधणाऱ्या कंपनीत लाइनवर होते. तिथं एखादी तार मोकळी सुटली की ती पत्र्याला घासून तुटते, म्हणून मोकळ्या तारेला माफी नाही. तिथली म्हण ते आम्हाला रोज ऐकवतात, “लोंबती तार, बोंबलती तार!” काका, त्यांचा हात बघायला हवा. मी डाख दिला की पट्टीवर मुंगळा मेल्यासारखा दिसतो. त्यांचा दिसतच नाही.

सप्टेंबरपासून आमचे आकडे फार सुंदर येताहेत. पुस्तकातल्या सूत्रानं जेवढी हानी यायला हवी तिच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच येते. चौदा पट्ट्या झाल्या, चौदाही तशाच. आमचे प्रमुख निरंजन सर म्हणतात, हा नव्या बनावटीच्या पट्टीचा गुण. एप्रिलमध्ये केबलवाले येणार आहेत. आणि एकतीस मार्चला माझं ठरेल, पक्की करतात की निरोप देतात. आई रोज फोनवर तेवढंच विचारते.

उदाहरण हवं असेल तर खंडूभाऊंचं घ्या.

तुमची,
मैत्री


थेरगाव, २२ फेब्रुवारी २०२५

चि. मैत्री, सप्रेम जय भीम.

खंडूला भाषणात घेतला! ज्याच्या डाखावर उद्याची वीज धावणार त्याचं नाव ठेकेदाराच्या हजेरीत, एवढं एक वाक्य लिहिलं आणि गळा असता तर खोलीतच गर्जलो असतो.

पण तुझ्या पत्रातला एक शब्द मला टोचतोय. ‘सुंदर’ आकडे. आकडा खरा असतो किंवा खोटा असतो. सुंदर कुणासाठी?

माझ्या आज्याला गावात बलुतं मिळायचं ते एका पायलीनं, आणि पाटलाकडून घेतलेलं धान्य परत करायचं ते दुसऱ्या पायलीनं. नाव दोन्हींचं पायलीच. म्हातारा म्हणायचा, “देताना पायली उपाशी, घेताना पोटुशी.” तिकडे फ्रान्समध्ये क्रांतीच्या तोंडावर गावोगावच्या लोकांनी राजाकडे गाऱ्हाणी लिहून पाठवली. भाकरी मागितली असेल, करमाफी मागितली असेल, तीही होतीच. पण त्यांत पुन्हा पुन्हा येणारी एक मागणी वाचून मी ग्रंथालयात उठून उभा राहिलो होतो. एकच वजन, एकच माप! माणसाला कळलं होतं की माप ज्याच्या हातात, राज्य त्याच्या हातात.

म्हणून विचारतो. आकडा तिसऱ्या हिश्शावर आला तर वर कोण चढणार? तुझे निरंजन सर. केबलवाल्यांपुढे छाती कुणाची फुगणार? त्यांचीच. मग ‘पट्टीचा गुण’ हे त्यांचं मत मी का मानू? एकच साक्षीदार, आणि तोही फिर्यादीच्या घरचा, अशा खटल्यात मी तर निकाल देणार नाही. दुसरा साक्षीदार आण. तीच हानी वेगळ्या रीतीनं मोजता येते का? येत असेल तर मोज. सूत्र काय सांगतं ते तुला ठाऊक आहे, मग चौदा वेळा गप्प का बसलीस?

रागावू नकोस. रागावलीस तरी मोज.

काका


राजगुरुनगर, १० मार्च २०२५

ती. काकांस, सविनय जय भीम.

तुमच्या पत्रावर रागावले. मग मोजलं.

दुसरी रीत आहे. तिच्यात व्होल्ट मोजायचेच नाहीत. पट्टीत जी ऊर्जा जाते ती उष्णता होते, त्या उष्णतेनं नायट्रोजन उकळतो, त्याचा वायू होतो. हंडा बंद करायचा आणि नळीतून मिनिटाला किती वायू बाहेर येतो ते मोजायचं. एक पट्टी एकटी असते तेव्हा वायू इतका थोडा येतो की काही कळत नाही, म्हणून एकाच रिळातल्या बारा पट्ट्या एकीपुढे एक जोडल्या आणि एकमेकींपासून लांब ठेवल्या. वीज नसतानाही नायट्रोजन थोडा उकळतोच. तो आधी मोजून वजा केला. जोडांवर होणारी उष्णता वेगळी मोजून तीही वजा केली. तीन दिवसांत सात वेळा केलं. खंडूभाऊ नायट्रोजन ओतायला होते. वीज सोडली आणि नळीवरचा काटा चढायला लागला तसे ते म्हणाले, “मॅडम, हे तर लईच धापा टाकायलंय.”

हानी सूत्राएवढीच आली. म्हणजे आमच्या चौदा आकड्यांच्या तिप्पट.

दोन साक्षीदार भांडायला लागल्यावर मी पहिल्याची झडती घेतली. चूक जोडणीत निघाली. पट्टीवर डाखलेली तार पट्टीपासून बाजूला, निदान सहा-सात मिलिमीटर दूर नेऊन मगच दुसरीला मिळवायची असते. तिथं एक मोकळी चौकट सुटलेली दिसली पाहिजे. आमच्याकडे ती तार पट्टीच्या मधोमध, चिकटवून, टेप लावून नेलेली होती. त्यामुळे हानीचा मोठा भाग तिला कळतच नव्हता. पट्टीत गुणबिण काही नव्हता.

चौदाही अहवाल मागे घेतले. केबलवाल्यांना कळवलं. नशीब, त्यांनी अजून यंत्र मागवलं नव्हतं. सरांनी कारणाच्या रकान्यात लिहिलंय, ‘ठेकेदाराच्या कामगाराने ठरलेली जोडणी बदलली.’ खंडूभाऊंचा गेटपास शुक्रवारपासून थांबवलाय. सव्वीस तारखेला चौकशी आहे. चूक त्यांची ठरली तर ठेकेदार त्यांना या पट्ट्यात पुन्हा कुठं उभं करणार नाही.

मला वाईट वाटतं. पण यात माझ्या हातात काही नाही.

मैत्री


थेरगाव, १५ मार्च २०२५

मैत्री,

‘माझ्या हातात काही नाही.’ हे वाक्य मी चाळीस वर्षं मॅनेजरांच्या तोंडून ऐकलं. आपल्या घरातून पहिल्यांदा ऐकतोय.

मी काय म्हणालो होतो? यश आलं की हुद्दा, चूक झाली की हात. मे महिना यायच्या आत तुझ्या प्रयोगशाळेनं ते करून दाखवलं! सहा महिने सुंदर आकडा कुणी मिरवला? खंडूनं? केबलवाल्यांना पत्रं कुणी लिहिली? खंडूनं? आणि आता एका रात्रीत तार दोषी ठरली. मला तर ही तारेची गोष्टच पटत नाही. सरांनाच आकडा कमी हवा होता, त्यांनी तो कमी करवून घेतला आणि उघडं पडल्यावर गरिबाच्या हातावर ढकललं. अकरा वर्षं तार बांधलेल्या माणसाला तार बांधता येत नाही?

सव्वीस तारखेला सकाळी मी वीस माणसं घेऊन तुमच्या गेटवर येतो. फलक तयार आहे, ‘खंडूची तार बरोबर होती!’ मला बोलता येत नाही, पण फलक धरता येतो. तू आत असशील. आत राहायचं की बाहेर यायचं ते तुझं तू ठरव.

धम्मरत्न


राजगुरुनगर, १७ मार्च २०२५

ती. काका,

तो फलक घेऊन येऊ नका. तार चुकीचीच होती. तुम्ही गेटवर उभे राहून तिला बरोबर म्हणालात तर ते खोटं होईल, आणि तुमच्यात आणि चौदा सुंदर आकड्यांत फरक उरणार नाही.

पण माझ्याही पत्रात एक गोष्ट नव्हती. ती आता लिहिते.

खंडूभाऊ आले तेव्हा जोडणी बरोबर होती. आराखड्यात मोकळी चौकट काढलेली होती आणि ते तशीच करायचे. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, “मॅडम, हे तार असं लोंबतं कामून ठिवायचं?” मी म्हणाले, “तशीच पद्धत आहे.” काही दिवसांनी पुन्हा विचारलं. मी म्हणाले, “अहो, आराखड्यात आहे ना, मग ठेवा.” खरं कारण मलाच माहीत नव्हतं. कॉलेजात एक ओळ वाचली होती आणि विसरले होते. माहीत नाही असं ठेकेदाराच्या माणसाला कसं सांगायचं? सांगितलं नाही.

आमच्याकडे दर महिन्याला कायझेनचे फॉर्म येतात. कामगारानं एक सुधारणा सुचवायची, इंजिनिअरनं तपासायची, प्रमुखांनी मंजूर करायची. चौदा सप्टेंबरला खंडूभाऊंनी फॉर्म भरला. ‘लोंबत्या तारा पट्टीला बांधणे. फायदे: तार तुटणार नाही, नीटनेटके दिसेल, वेळ वाचेल.’ चित्रही काढलं होतं, फार सुबक. ‘तपासले’ या शब्दाखाली माझी सही आहे. त्याखाली सरांची मंजुरी, पण शनिवारी ते असे वीस फॉर्म एका दमात सही करतात, त्यांना आठवतही नसेल. खंडूभाऊंना स्टीलचा डबा बक्षीस मिळाला. त्यांचा डबा घेतलेला फोटो फलकावर लागला. आणि माझ्या कामाच्या मूल्यमापनात ओळ आली, ‘कामगारांकडून सुधारणा करून घेते.’

पहिला सुंदर आकडा सतरा सप्टेंबरचा आहे.

म्हणजे खंडूभाऊंनी जोडणी बदलली हे खरं. पण विचारून, लिहून, माझी सही घेऊन बदलली. तो फॉर्म कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये आहे. मी दोनदा उघडून पाहिला आणि दोनदा परत ठेवला.

गेटपास थांबवला त्या दिवशी मी त्यांच्यामागे गेटपर्यंत गेले. ते म्हणाले, “मॅडम, फॉर्मचं ध्येनात हाय माझ्या. तुमी काय बी बोलू नका. तुमची पक्की व्हायची हाय. मी सांगतो, मह्याच डोक्यानं केलं.” आणि मी काय म्हणाले माहिताय? “जपून जा, चौकात ट्रॅफिक आहे.”

आता तुम्हाला जे म्हणायचं ते म्हणा.

मैत्री


थेरगाव, २० मार्च २०२५

चि. मैत्री,

आज वीस मार्च, चवदार तळ्याचा दिवस. आपल्यासाठी हा दिवस काय आहे ते तुला सांगायला नको. दरवर्षी आज मी व्यासपीठावर असतो. आज डांगे चौकातून बसनं आळंदीला गेलो. खिशात वही आणि दोन पेनं.

खंडूची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. शेजारी वारकरी शिक्षणाची मुलं पखवाज घोटत होती, त्यामुळे खंडूला ओरडून बोलावं लागत होतं आणि मला त्याचा हेवा वाटत होता. त्याची आई गिरजाबाई. तिनं माझ्या गळ्याची पट्टी पाहिली आणि म्हणाली, “च्या घ्या. बोलू नगा.” खंडू हसला. “काका, तुमी लिवा, मी वाचतो आन बोलतो. उलटं असतं तर दिवस मावळला असता.”

मी मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘तुझ्यावर अन्याय झालाय. आम्ही गेटवर येतो.’

त्यानं वाचलं. “येऊन काय म्हनणार?”

‘तार बरोबर होती.’

“न्हाई काका. तार चुकली व्हती. नळीला धापा टाकताना म्या सोता पाह्यलंय. तुमी तसं बोर्डावर लिवलं तर माझ्या लाइनवरचे पोरं हसतील मला.”

मी लिहिलं, ‘मग तुला काय पाहिजे?’

त्यानं वही माझ्याकडे सरकवली. पखवाज चालूच होता. मग म्हणाला, “नोकरी पायजेच, खोटं कामून बोलू? पन त्याच्या आंदी मला एक सांगा. अकरा वर्सं मला शिकिवलं, लोंबती तार वाईट. इथं म्हनतात, लोंबतीच पायजे. कशापायी? दोन बार इचारलं. कुनी सांगंना. आता म्हनतात हात चुकला. काका, डोक्याला सांगितल्याबिगर हाताला कसं कळंल?”

मैत्री, मी पेनाला टोपण लावलं. मी फ्रान्स वाचलाय, पायली माहीत आहे, पण त्या पट्टीवरची तार बाजूला का हवी ते मला ठाऊक नाही आणि तुला विचारावंसंही वाटलं नाही. मला खंडू निर्दोष हवा होता आणि तुझे सर दोषी हवे होते. भाषण आधीच शिवून तयार होतं, माणूस फक्त त्यात घालायचा होता. तार आडवी आली तर मी तारेलाच खोटं ठरवायला निघालो. फलक मी फाडला. भाषणही बाजूला ठेवलं. त्यातला राग खरा आहे, बाकीचं पुन्हा लिहावं लागेल.

तुझ्या पक्क्या नोकरीचं मोल मी जाणतो. तुझा बाप सतरा वर्षं बदली कामगार होता. रोज सकाळी गेटवर उभा राहून नाव पुकारायची वाट पाहायचा. त्याच्या लेकीला मी सहज म्हणणार नाही की सोड. उभ्या आयुष्यात लोकांना काय करा ते सांगत आलो, तुला सांगत नाही. खंडूनं एक प्रश्न विचारलाय. तो तुला विचारला होता. एवढंच कळवतो.

काका

ता. क. डबा अजून वापरतो तो. मला त्यातलेच लाडू दिले.


राजगुरुनगर, २४ मार्च २०२५

श्री. खंडूभाऊ यांस,

सप्रेम नमस्कार. हे पत्र टपालानं वेळेत पोचणार नाही, म्हणून आज संध्याकाळी आळंदीला येऊन गिरजाबाईंच्या हातात देते. तोंडानं सांगितलं तर तुम्ही मला मध्येच थांबवाल, म्हणून लिहिलं.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ते द्यायला मला सहा महिने उशीर झाला.

पट्टीतून वीज जाते तेव्हा ती सगळ्या रुंदीत सारखी वाहत नाही, दोन्ही कडांना गर्दी करते. चुंबकीय क्षेत्र कडांमधूनच आत शिरतं आणि कडांमधूनच बाहेर पडतं. ऊर्जा जाते ती त्या ये-जा करण्यात. पट्टीच्या मधोमध मात्र सारं शांत असतं. मधल्या खोलीत झोपलेल्या माणसाला सकाळी विचारलं की कोण आलं, कोण गेलं, तर तो शपथेवर सांगेल, कुणीच नाही. तो खोटं बोलत नाही. दार त्याच्या खोलीत नाही, एवढंच. आपण तार मधोमध बांधली आणि तिला विचारत बसलो.

तार बाजूला दूर नेली की तार आणि पट्टी यांच्यामध्ये एक मोकळी चौकट होते. कडेनं आत-बाहेर करणारं क्षेत्र त्या चौकटीतून जातं, म्हणून तारेला त्याची पुरी खबर लागते. ती मोकळी जागा म्हणजे अर्धवट राहिलेलं काम नव्हतं. मोजणी त्या मोकळ्या जागेतच होते. आराखड्यात चौकट काढलेली होती, कारण कुठंच लिहिलेलं नव्हतं. ते सांगणं माझं काम होतं. गाडीत तार हलू नये म्हणून तुम्ही ती बांधता. इथंही ती हलू नये हे तुमचं म्हणणं बरोबरच होतं. तेव्हा मला कारण माहीत असतं तर आपण दोघांनी मिळून ती चौकट फायबरच्या पट्टीवर ताठ बसवली असती. मोकळीही राहिली असती आणि हललीही नसती. ते अजून करायचं आहे, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही.

आता दुसरी गोष्ट. आज सकाळी मी निळी फाइल निरंजन सरांच्या टेबलावर ठेवली आणि चौदा सप्टेंबरचा फॉर्म उघडला. म्हणाले, “सर, जोडणी बदलली ती माझ्या सहीनं.” त्यांनी चष्मा लावला. माझी सही पाहिली. मग बोट खाली नेलं आणि म्हणाले, “आणि ही माझी आहे.” चष्मा काढून टेबलावर ठेवला. शेवटी विचारलं, “एकतीस तारीख माहिती आहे ना तुला?” मी हो म्हणाले. फॉर्मची प्रत चौकशीच्या कागदांत लावली आहे. ती त्यांनी काढलेली नाही. काढतील का, सांगता येत नाही. म्हणून एक प्रत या पत्रासोबत तुम्हाला देते.

पण कागदाला चौकशीत फाटे फुटतात. कुणी म्हणेल, फॉर्म भरला पण समजून घेतलं नाही. कुणी म्हणेल, इंजिनिअर पोरगी कामगाराला वाचवायला पुढे आली. आणि तुम्ही तिथं उठून ‘मह्याच डोक्यानं केलं’ म्हणालात, तर माझा कागद तिथंच मरेल. मला वाचवायला तुम्ही ते म्हणाल हे मला माहीत आहे. त्या दिवशी गेटवर तुम्ही तसं म्हणालात आणि मी ते घेऊन गुपचूप परत आत गेले. ते पुन्हा घ्यायची माझी तयारी नाही, खंडूभाऊ. चूक तुमच्या एकट्याची ठरली तर उद्या आमच्याकडे कुठलाच कामगार कुठल्याच तारेबद्दल ‘कामून’ असं विचारणार नाही. आणि जिथं कुणी विचारत नाही तिथला एकही आकडा खरा नसतो.

बुधवारी सकाळी दहाला या. पास चालणार नाही, मी गेटवर घ्यायला उभी असेन. चौकशीत तुम्हाला विचारतील, जोडणी का बदललीत? तेव्हा दुसरं काही सांगू नका, एवढंच सांगा, “मी कारण दोनदा विचारलं होतं. मॅडमनी सांगितलं नाही.”

माझ्याकडे बघू नका. समोर बघून सांगा.

आपली,
मैत्री